अभियांत्रिकी आणि वास्तुकलेच्या प्राध्यापकांचे संशोधन वाचकांपुढे कसे मांडावे?

टिपणवही यांचा प्रश्न :
विद्यापीठाच्या वार्षिक अंकासाठी अभियांत्रिकी आणि वास्तुकला या दोन विद्याशाखांतील प्राध्यापकांच्या अलीकडच्या संशोधनावर लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विभागांकडून शोधनिबंधांची संख्या, पेटंट, मिळालेला निधी आणि एच-निर्देशांक (निबंधांना मिळालेल्या संदर्भांवरून काढलेला आकडा) यांचे तक्ते आले आहेत, पण कोणी नेमके काय शोधले हे त्यांतून कळत नाही. वास्तुकला विभागाचे पान तर जवळजवळ कोरे दिसते आणि तिथे काहीच काम झाले नाही असा वाचकांचा समज होईल, याची मला खरोखर काळजी वाटते. इतर विद्यापीठांतील कोणती कामे नमुना म्हणून डोळ्यांसमोर ठेवावीत?

ओळंबा यांचे उत्तर :
तक्ते बाजूला ठेवा आणि प्रत्येकाला एवढेच विचारा की, तुमच्या कामाआधी नेमके काय अडले होते. मी सिमेंटचे उदाहरण देतो, कारण माझा सगळा वेळ त्याच प्रयोगशाळेत जातो. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वायू सिमेंटच्या उत्पादनातून बाहेर पडतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक इंधनाचा नसून भट्टीत चुनखडीचे विघटन होताना सुटणारा असतो. म्हणजे भट्टी विजेवर चालवली तरी तो सुटणारच. अडचण इथे होती. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ईपीएफएल या विद्यापीठातील कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातील फर्नांदो मार्तिरेना आणि दिल्ली, मद्रास व मुंबई आयआयटींतील प्राध्यापक यांनी मिळून तिच्यावर जो उपाय काढला, तो ‘एलसी-३’ या नावाने ओळखला जातो. त्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीत चुनखडी भाजून मिळणारा सिमेंटचा मूळ घटक, निम्म्यावर आणून उरलेल्या भागात सुमारे ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के चुनखडीची पूड आणि ५ टक्के जिप्सम वापरतात. क्लिंकरसाठी भट्टी १,४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, तर माती ८०० अंशांच्या आसपास भाजली तरी चालते. उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटते.

मात्र याची दुसरी बाजूही लेखात येऊ द्या. भाजलेली माती पाणी फार ओढते. नेहमीच्याच प्रमाणात पाणी घातले तर मिश्रण थापीला चिकटते आणि साच्याच्या कोपऱ्यांत नीट बसत नाही; पाणी वाढवावे तर २८ दिवसांनी चाचणीचा ठोकळा दाबून पाहताना ताकद कमी भरते, म्हणून सुपरप्लास्टिसायझरचे, म्हणजे पाणी न वाढवता मिश्रण सैल करणाऱ्या रसायनाचे, प्रमाण वाढवावे लागते. संशोधकांची पुढची कित्येक वर्षे अशाच गोष्टी सोडवण्यात जातात, आणि मला विचाराल तर खरी कामगिरी तीच आहे.

केंब्रिज विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागाचे २०२४ सालचे कामही अवश्य पाहा. भंगार पोलाद विजेच्या भट्टीत वितळवताना त्यावर चुन्याचा थर लागतो. त्या चुन्याऐवजी पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटमधून वेगळे काढलेले जुने सिमेंट घातले, तर वर येणारी मळी झपाट्याने थंड करून दळल्यावर पुन्हा सिमेंट म्हणून वापरता येते, असे सिरिल ड्युनंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले. हे मला इतके आवडले, कारण एकाच भट्टीच्या उष्णतेत दोन कामे होतात.

कमान यांचे उत्तर :
वास्तुकलेचे पान कोरे दिसते, कारण या शाखेतील पुष्कळ संशोधन निबंधात न मावता उभ्या बांधकामात असते आणि तक्त्यात त्यासाठी रकानाच नसतो. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातील फिलिप ब्लॉक यांच्या गटाने २०१६ साली व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात चुनखडीच्या ३९९ दगडांचे कवच उभारले. दगडांमध्ये चुना नाही, सिमेंट नाही, आणि सर्वांत पातळ जागी जाडी अवघी ५ सेंटीमीटर. तरीही ते १५ मीटरहून अधिक अंतर पेलत होते. त्याचा आकारच असा बेतला होता की सगळे वजन दाबाच्या रूपाने दगडातून दगडात उतरावे, कारण दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही.

कोणी याला नुसते प्रदर्शनीय शिल्प म्हणेल, म्हणून त्याच्या पुढचा टप्पा सांगतो. हेच तत्त्व त्या गटाने मजल्याच्या स्लॅबला लावले. सपाट जाड स्लॅबऐवजी पातळ, कमानदार कवच आणि त्यावर उभ्या फासळ्या, अशी रचना केल्यामुळे सुमारे ७० टक्के काँक्रीट वाचते. असे मजले २०२१ साली झुरिचजवळच्या ड्युबेनडॉर्फ येथील ‘हायलो’ या इमारतीत प्रत्यक्ष बसवले गेले. म्हणून तुमच्या वास्तुकला विभागाकडून प्रारूपे, भारचाचण्यांच्या नोंदी आणि बांधून झालेल्या जागांची माहिती आवर्जून मागवा.

दर्शनी यांचे उत्तर :
एच-निर्देशांकाबद्दल थोडेसे. तो जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवला. एखाद्याच्या १० निबंधांना प्रत्येकी किमान १० संदर्भ मिळाले असतील, तर त्याचा निर्देशांक १० होतो. जिथे निबंध भराभर निघतात आणि एकमेकांचे संदर्भ दिले जातात त्या शाखेत तो आपोआप फुगतो, म्हणून सिमेंटसारख्या बांधकाम साहित्यावर काम करणारा अभियंता आणि वास्तुकार यांना या एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्यातही, नियतकालिकाच्या प्रभावांकावरून (त्यातील निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात, त्यावरून) संशोधकाची पारख करू नये, असे बजावले आहे. तक्ता छापावाच लागला तर दोन्ही विद्याशाखांचे आकडे शेजारी शेजारी मांडू नका.

टिपणवही :
तिघांचेही मनापासून आभार. आजच दोन्ही विद्याशाखांना नवे पत्र लिहिते आहे : आधी काय अडले होते, चाचणी कशी घेतली आणि त्यात काय फसले, हे प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहून पाठवावे. वास्तुकला विभागाकडून भारचाचणीची छायाचित्रेही मागवते, आणि त्यांच्यासाठी दोन पाने राखून ठेवते.