मदत हवी आहे: मालवणहून ग्रंथालयशास्त्राची पदवी आणि संघटनेचं सभासदत्व

मालवण तालुक्यातल्या 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयातल्या एका सहायक ताईंसाठी विचारतोय. बी.ए. झालंय, ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षाही पास आहेत. पुढे कॉलेजात ग्रंथपाल व्हायचंय, म्हणजे बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी), एम.लिब. (पदव्युत्तर पदवी) आणि नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्यपातळीवरची) पात्रता परीक्षा.

नेट-सेटच्या पात्रतेसाठी एम.लिब.मध्ये खुल्या प्रवर्गात ५५ टक्के लागतातच. ५४.९ चे ५५ धरत नाहीत, आणि बरेच जण इथेच अडकतात. आपली सेट महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे चालते, सिंधुदुर्गवाल्यांना हा मोठा आधार.

१) मुक्त विद्यापीठाचं बी.लिब. केंद्र कुडाळ, कणकवली की थेट रत्नागिरी? संपर्क सत्रं रविवारी असतात का? पावसात रोजचा प्रवास जमणार नाही.

२) वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकाला ड्यूई आणि कोलन या पुस्तक-वर्गीकरण पद्धतींचे तक्ते केंद्रावर मिळतात का? नुसत्या गाइडवर पुस्तकाचा वर्ग-क्रमांक बांधायला हात बसत नाही.

३) सभासदत्व इंडियन लायब्ररी असोसिएशनचं (स्थापना १९३३) घ्यावं की आधी जिल्हा ग्रंथालय संघाचं? सभासदत्व म्हणजे डॉक्टरांसारखी नोंदणी नव्हे, त्याने पात्रता मिळत नाही, हे त्यांना सांगितलंय. पण कार्यशाळा, ओळखी यांसाठी कुठलं खरंच उपयोगी पडतं?

अलीकडे प्रवेश घेतलेल्यांनी कृपया लिहा.