घरचा ग्रुप : बुरशीचं खाणं आणि भुईमुगातलं विष

मेघना: काका, भुईमुगावरची ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष किती करणार, हे तिला खायला काय मिळतं त्यावर ठरतं ना?

सुहास काका: बऱ्याच अंशी. साखर मिळाली की बुरशी वाढते आणि विषही करते. नुसत्या पेप्टोनवर, म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांवर, छान वाढते, पण विष जवळजवळ नाहीच. नत्रातही फरक आहे. अमोनियमवर विष जास्त, नायट्रेटवर कमी.

दीपक: मग ताई, युरियाऐवजी नायट्रेटचं खत दिलं तर?

मेघना: नाही रे. ते निष्कर्ष काचेच्या बशीतले. दाण्यात शिरलेली बुरशी दाणाच खाते, तिथे साखर-तेल तयारच असतं. आणि मक्यातल्या फ्युजारियम या दुसऱ्या बुरशीचं उलटं आहे, नत्राची चणचण झाली की तिचं विष, फ्युमोनिसिन, वाढतं. एकच नियम सगळ्या बुरशींना लावू नकोस.

वहिनी: जस्ताचं काय?

सुहास काका: विष तयार करायला बुरशीला जस्त लागतं. सोयाबीनमधलं फायटिक आम्ल ते बांधून ठेवतं. पण म्हणून झिंक सल्फेट, म्हणजे जस्ताचं खत, बंद करू नका. माती परीक्षणात कमतरता असेल तर पिकाला ते द्यायलाच हवं.
भुईमुगात खरं लक्ष द्यायचं ते कॅल्शियमकडे. शेंग कॅल्शियम मुळांमार्फत नाही, टरफलातून थेट मातीतून घेते. म्हणून कॅल्शियम देणारं जिप्सम एकरी 200 किलो, आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटायच्या वेळी, झाडाच्या बुडाशी. माती कोरडी असेल तर टाकलेलं जिप्समही शेंगेत जात नाही, टरफल कमजोर राहतं आणि बुरशीला वाट मिळते. शेवटचे 4 ते 6 आठवडे पाण्याचा ताण पडू देऊ नका. तेव्हा जमीनही तापलेली असते, 28 ते 31 अंश म्हणजे या बुरशीला हवं तसंच.

दीपक: काढणीनंतर?

मेघना: वेल उलटे करून शेंगा वर ठेवून वाळवायचे. दाण्यात ओलावा 7-8 टक्क्यांवर आल्याशिवाय पोती भरायची नाहीत. सुरकुतलेले, डागाळलेले दाणे हाताने वेचून काढ. विष मोजक्याच दाण्यांत साठलेलं असतं, त्यामुळे मूठभर नमुना तपासून पोत्याचा भरवसा देता येत नाही.

वहिनी: भाजल्यावर जातं का?

मेघना: थोडं कमी होतं, पूर्ण नाही.

सुहास काका: आणि वेचलेले दाणे घाण्यावर देऊ नका. विष बरंचसं पेंडीत राहतं. ती पेंड दुभत्या गाईला घातली की ते अफ्लाटॉक्सिन एम-1 या बदललेल्या रूपात दुधात उतरतं. दुधात त्याची मर्यादा किलोला फक्त 0.5 मायक्रोग्रॅम आहे.

वहिनी: म्हणजे वेचलेलं जनावरांनाही नाही. जाळूनच टाकते.

सुहास काका: जाळताना धूर अंगावर घेऊ नकोस. त्यापेक्षा शेताबाहेर खोल पुरलेलं बरं.