नोकरी गेल्यावर घरी काय बनवताय? इंजिनिअर लोकांनो, अनुभव लिहा

मंडळी, एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आतल्या चिपसाठी सॉफ्टवेअर) होतो, पुण्यात. प्रोजेक्टच गुंडाळला आणि अख्खी टीम घरी. आता सकाळी नोकरीच्या पोर्टलवर जाऊन प्रोफाइलमधला एक स्वल्पविराम काढायचा, उद्या परत टाकायचा (म्हणजे 'आज अपडेटेड' दिसतं म्हणे), जुन्या टीममेट्सना रेफरलसाठी पिंग करायचं आणि दुपारी टाकीची पाणीपातळी दाखवणारं यंत्र करत बसायचं असा कार्यक्रम आहे. ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) घरात पडलेलाच होता, आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर तापकीर गल्लीतून आणला, तर त्याला २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं दिसतच नाही, म्हणजे टाकी काठोकाठ भरत आली की हा नेमका आंधळा. मग त्याला झाकणावर पाइपचा तुकडा लावून उंच बसवायचं, त्यात रविवार गेला, सोमवारही गेला, आणि एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट होती ती रात्री घाईघाईत उरकली. बायको म्हणते टाकी भरली की वरून पाणी पडतंच की, ते ऐकू येतं.

तर ज्यांनी ज्यांनी नोकरी शोधता शोधता काहीतरी बनवलंय त्यांनी सांगा, दोन्ही कसं जमवलंत, त्याचा उपयोग झाला का, घरचे काय म्हणाले. न जमल्याचं असेल तर तेही येऊ द्या.

सोलापुरी_शेंगा

मी २०२० चा ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स) पासआउट, आता वर्ष बघूनच कळलं असेल. ऑफर लेटर हातात आणि जॉइनिंगचा पत्ता नाही, गावी येऊन बसलो. शेतीपंपाला थ्री फेज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, त्यामुळे रात्रीच्या पाळीला अण्णा बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे, साप-विंचवाची भीती वेगळीच. म्हटलं बसून तर आहोतच, मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारा स्टार्टर करू. बाजारात रेडिमेड मिळतात हो, पण तेव्हा पैसे कुठले.

कागदावर सोपं आहे. स्टार्टरच्या हिरव्या बटणाला एक रिले (विजेवर चालणारा स्विच) पॅरलल, लाल बटणाच्या सिरीजमध्ये दुसरा, आणि मोबाइलचं सिम घालायचं सिम८००एल नावाचं जीएसएम मॉड्यूल. ते मॉड्यूल नेटवर्क पकडताना दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं, सप्लाय दमला की रीसेट, परत नेटवर्क शोध, परत रीसेट. चार्ज साठवणारा मोठा कपॅसिटर टाकला तेव्हा थांबलं. मग कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोठा स्विच) सुटताना जो झटका येतो त्याने कंट्रोलरच हँग व्हायचा, त्याला झटका शोषणारा स्नबर. मग एक फेज गेली तरी मोटार चालू राहिली तर वाइंडिंग जळणार, म्हणून तिन्ही फेज ऑप्टोकपलरने (प्रकाशातून सिग्नल देणारा, थेट वायर न जोडणारा भाग) बघायच्या. एकेक गोष्ट करत पावसाळा गेला.

खरी गंमत पुढे. गावातल्या लोकांनी बघितलं, मलाबी कर म्हणाले, केले. आता हे बॉक्स ऑटोवर ठेवले तर लाइट आली की सगळ्यांच्या मोटारी एकाच सेकंदाला आपोआप चालू होणार आणि डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडणार, महावितरण ऑटोस्विच काढा म्हणून सांगत असतं ते ह्याच्यासाठीच. मग प्रत्येक बॉक्सला वेगवेगळा डिले दिला, कुणाची मोटार आधी चालू होणार यावरून पारावर भांडणं झाली ती सोडा.

अप्लाय करणं मी मोबाइलवरच करायचो, रेंज बांधावर चांगली यायची. पुढे चाकणच्या एका पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू झाला, त्यांनी कॉलेजच्या फायनल इयर प्रोजेक्टबद्दल एक शब्द विचारला नाही, अर्धा तास डिले आणि सिंगल फेजिंगवरच (म्हणजे ती एक फेज जाण्याची भानगड). घेतलं. उधारी मात्र अजून वसूल झालेली नाही आणि रात्री बाराला फोन येतो, 'इंजिनिअर, मोटार उचलंना झालीय.'

बॅकएंडवाली

माझा अनुभव जरा उलटा आहे. मुलगी झाल्यावर गॅप, परत शोधायला लागले तर प्रत्येक एचआरचा पहिला प्रश्न गॅपचाच. आईच्या बचत गटाचं वहीतलं सगळं हिशेबाचं प्रकरण ॲपवर आणलं, महिन्याची वर्गणी, अंतर्गत कर्ज, व्याज, कोणी किती थकवलंय. आई लोकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की थकबाकी सगळ्यांना दिसायला नको, फक्त अध्यक्ष-सचिवांना दिसू दे. असली रिक्वायरमेंट कुठल्याच ट्युटोरियलमध्ये नसते.

पण स्पष्ट सांगते, रिझ्युमेवर लिंक दिली होती ती कोणीही उघडली नाही. एकदा इंटरव्ह्यूमध्ये एकाने उघडली तर फुकटवाला सर्व्हर झोपलेला, उठेपर्यंत तो सहज दुसऱ्या प्रश्नावर गेला. नोकरी शेवटी जुन्या मॅनेजरच्या रेफरलने लागली. प्रोजेक्टचा फायदा एवढाच की मधल्या काळात कोडिंगची सवय सुटली नाही आणि गॅपबद्दल विचारल्यावर सांगायला काहीतरी होतं. वेळेचं म्हणाल तर मुलगी दुपारी झोपली की आधी अप्लिकेशन, वेळ उरला तर कोड. उलट क्रमाने केलं की अप्लिकेशन कधीच होत नाहीत, कारण कोड लिहायला मजा येते आणि तोच 'व्हाय डू यू वाँट टू जॉइन अस'चा फॉर्म भरायला कुणाला येत नाही.

भोसरीचा_टर्नर

२०१९ ची ऑटोची मंदी आठवते का, मी त्यातला. मेकॅनिकल, डिझाइन. मित्राच्या वर्कशॉपमध्ये कोपरा मिळाला, छोटा सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या सूचनेवर कापणारं मशीन) केला, ॲल्युमिनियम एक्स्ट्रूजनची चौकट, नेमा १७ स्टेपर मोटारी, अर्दुइनो ऊनो बोर्डवर जीआरबीएल हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. खर्च ठरवला होता त्याच्या दुप्पट झाला, हे सगळ्यांचंच होतं. म्हणून माझा सल्ला, महिन्याचं बजेट आधी घरच्यांना सांगून टाका आणि पीएफला हात लावू नका.

इंटरव्ह्यूत विचारलं, तुझ्या मशीनला एका मिलिमीटरला किती स्टेप्स (मोटारीची छोटी पावलं). २०० स्टेपची मोटार, १६ मायक्रोस्टेप, म्हणजे फेऱ्याला ३२००, लीडस्क्रू फेऱ्याला ८ मिलिमीटर, म्हणजे ४००. तोंडी सांगितलं. समोरचा म्हणाला आमचे दोन वर्षं एक्स्पिरियन्सवाले हे कॅल्क्युलेटर काढून करतात. पगार मात्र आधीच्यापेक्षा कमीच दिला, कौतुक फुकट असतं.

चिरेबंदी

आम्हा सिव्हिलवाल्यांचा पर्सनल प्रोजेक्ट म्हणजे खरंच बिल्डिंग. जेईच्या (सरकारी कनिष्ठ अभियंता) भरतीचा अभ्यास चालू होता, निकाल लटकलेला, आणि बाबांनी गोठा पाडून दोन खोल्या बांधायला काढल्या. कोकण, जांभ्याचा चिरा. पैसे वाचवायला सुपरव्हिजन माझं. स्लॅब पडल्यावर पाणी किती दिवस मारायचं यावरून गवंडीकाकांशी वाजलं, ते म्हणे चार दिवस पुरे, मी म्हटलं पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट आहे, कोडमध्ये किमान १० दिवस सांगितलेत. काका म्हणाले मग तूच मार. मारलं, रोज सकाळ-संध्याकाळ, गोणपाटं टाकून, त्याच गोणपाटावर बसून पुस्तक वाचत. भरती झाली नाही, घर झालं. आता खासगी साइटवर आहे.

साठ_दिवस

अमेरिकेतून लिहितोय. एच-१बी (कंपनीने काढलेला कामाचा व्हिसा) वर नोकरी गेली की ६० दिवसांचा ग्रेस पिरियड, आय-९४ (राहण्याच्या परवानगीची नोंद) आधी संपत असेल तर त्याहून कमी. तेवढ्यात नवीन कंपनीने पिटिशन फाइल केलं तर ठीक, नाहीतर स्टेटस बदला किंवा सामान बांधा. त्यात ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याशिवाय कुणासाठी, अगदी स्वतःसाठीसुद्धा, कमाईचं काम करता येत नाही, त्यामुळे 'साइड प्रोजेक्ट विकून बघ' हा सल्ला आम्हाला लागू नाही. गॅरेजमध्ये अर्धवट सिंथेसायझर होता, त्याच्याकडे बघायलाही वेळ नव्हता. दिवसभर कॉल, रात्री लीटकोडवर इंटरव्ह्यूच्या कोडिंगचा सराव. तुम्ही लोक दुपारी टाकीवर सेन्सर लावताय ह्याचा मला प्रामाणिक हेवा वाटतो.

टेबलापलीकडून

मी इंटरव्ह्यू घेतो, म्हणून थोडं. रिझ्युमेवर आठ प्रोजेक्ट लिहू नका, एक लिहा पण त्याच्याबद्दल कुठूनही विचारलं तरी बोलता आलं पाहिजे. हल्ली एआयकडून लिहून घेतलेला कोड दुसऱ्या प्रश्नात उघडा पडतो. लिंकपेक्षा चालू स्थितीतला एक मिनिटाचा व्हिडिओ बरा. आणि बाकी सगळ्यांनी गोडगोड लिहिलंय, पण माझा सख्खा भाऊ वर्षभर ड्रोन बनवत बसला आणि विचारलं की म्हणायचा हे पूर्ण झालं की अप्लाय करतो. ते पूर्ण होत नसतं. नकार येण्यापेक्षा सोल्डरिंग बरं वाटतं, एवढंच होतं ते.

धागाकर्ता

शेवटची दोन वाक्यं बायकोला दाखवली नाहीत.

मु_पो_बार्शी

शेंगा भाऊ, आमच्या शिवारात फक्त जिओची रेंज आहे, ते सिम चालेल का तुमच्या स्टार्टरमध्ये?

सोलापुरी_शेंगा

नाही चालणार. सिम८००एल टूजीवर आहे आणि जिओला टूजी नाहीच. ए७६७०सी म्हणून फोरजी मॉड्यूल येतं ते घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन. महाग पडतं. कमांड्स बऱ्याचशा त्याच आहेत, कोड फार बदलावा लागत नाही, पण कपॅसिटर त्यालाही लावा.