अभ्यासाला मोटिव्हेशन लागतं का बैठक?

माहुलीकर

बारावीवाले, सीईटीवाले, पोलीस भरती, एमपीएससी, सगळ्यांसाठी लिहितोय. पटत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, वाद व्हायलाच पाहिजे या विषयावर.

साताऱ्यात आता जिकडं बघावं तिकडं अभ्यासिका झाल्यात. मी बसतो तिथं प्रत्येक डेस्कवर कागद चिकटवलाय, कुणी पदाचं नाव लिहिलंय, कुणी खाकीतला फोटो लावलाय. सकाळी आल्या आल्या निम्मी पोरं कानात इअरफोन घालून कुठल्यातरी सरांचं भाषण लावतात, विचारलं तर म्हणतात मूड बनतोय. मूड बनेपर्यंत साडेदहा होतात, मग चहा, टपरीवर कट ऑफ किती लागंल याची चर्चा, तोवर डब्याची वेळ, जेवलं की डोळ्यावर झापड. आणि रात्री तोच पोरगा म्हणतो, भावा मोटिव्हेशनच राहिलं नाही.

माझं म्हणणं असं आहे की उमेद आधी आणि अभ्यास नंतर असं होत नसतं. आधी जागा ठरते, वेळ ठरते, संध्याकाळी आज काय झालं म्हणून विचारणारं कुणीतरी असतं, त्यातनं चार गोष्टी डोक्यात पक्क्या बसतात, त्या बसल्या की बरं वाटतं आणि उद्या परत यावंसं वाटतं. उमेद म्हणतात ती हीच.

आमच्यातला एकजण भूगोलाचं तेच पुस्तक परत परत वाचत होता, काही डोक्यात शिरत नाही म्हणून वैतागून गावाकडं निघाला होता, बॅग भरलेली. त्याला कोरा कागद दिला, म्हटलं पुस्तक मिट आणि कृष्णेला साताऱ्यापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत कुठली नदी कुठं मिळते तेवढं लिही. कोयना कराडला, पंचगंगा वाडीला, एवढं लिहून पेन थांबला. वेण्णा आपल्या दारात माहुलीला मिळते ती सुटली, उरमोडी काशीळला, तारळी उंब्रजला, येरळा ब्रह्मनाळला, वारणा हरिपूरला, सगळ्या सुटल्या. मग पुस्तक उघडून सुटलेल्या तेवढ्याच बघितल्या, परत मिटलं, परत लिहिल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा. गडी गावाला गेला नाही. त्याला भाषण कुणी ऐकवलं नव्हतं, आपल्याला येतंय हे कागदावर दिसलं आणि तो बसला.

भावी_फौजदार

दादा, तुमची नद्यांची गोष्ट पटली, पण भाषणाला एवढं वाईट बोलू नका. माझं पहिल्यांदा थोडक्यात गेलं तेव्हा पुस्तक हातात धरवत नव्हतं, घरी कुणी काही बोलत नव्हतं आणि ते न बोलणंच जास्त लागायचं. वडील साखर कारखान्यात सीझनला कामाला, रात्रपाळी करून आल्यावर माझ्याकडं बघायचे पण विचारायचे नाहीत. तेव्हा एका नापास होऊन पुढं गेलेल्या साहेबांचं बोलणं ऐकलं, एकदा न्हाई, लय वेळा ऐकलं, आणि परत उभा राहिलो. त्या टायमाला मला कुणी टाइमटेबल दिलं असतं तर मी फाडून टाकलं असतं.

आणि मी रयतच्या, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या संस्थेच्या शाळेत शिकलोय. दर २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंती असायची आणि मास्तर सांगायचे, बोर्डिंगात पोरांना खायला धान्य नव्हतं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्र पण दिलं. ते ऐकून त्या वयात सुद्धा घशात दाटून यायचं. आपल्यासारख्यांसाठी कुणीतरी एवढं केलंय हे माहीत असणं, यालाच मी मोटिव्हेशन म्हणतो. हे काढून घेतलं तर कोऱ्या कागदावर नुसत्या नद्या लिहून काय करू?

खटावकर

दोघंही पोरांनाच सांगताय, बसा, उठा, ऐका, लिहा. मूळ दुखणं वेगळंच आहे. राज्यसेवेची पूर्व ५ एप्रिल २०२० ला होती, ती पुढं ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. कोरोना होता मान्य आहे, पण मार्चमध्ये तोंडावर आलेली परीक्षा परत पुढं ढकलल्यावर पोरांना पुण्यात रस्त्यावर बसावं लागलं हे विसरू नका. २०२४ ला २५ ऑगस्टची पूर्व अशीच गेली, ती १ डिसेंबरला झाली. खोलीचं भाडं, मेसचे पैसे, अभ्यासिकेची फी हे सगळं दर महिन्याला द्यायचं आणि तारीखच हलत असंल तर पोरगं कशाच्या जोरावर बसणार? वय चाललंय, बरोबरीच्यांची लग्नं झाली, भावकीत कुणी ना कुणी विचारतंय अजून चालूच आहे का तुझं.

त्यात मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. ज्यांनी वर्षानुवर्षं पर्याय निवडायची सवय लावली त्यांना आता पानंच्या पानं लिहायचीत. बदल चांगला का वाईट हा वेगळा विषय, पण ज्याची पायाखालची वाळू दोनदोनदा सरकली त्याला तू आळशी आहेस, तुझी बैठक नाही असं म्हणू नका. त्याचं मन उडालंय त्याला सबळ कारण आहे.

माहुलीकर

खटावकर, मी कुणाला आळशी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. तारखांचं तुमचं शंभर टक्के खरं आहे. पण त्यातनंच माझा मुद्दा निघतो बघा. तारीख आयोगाच्या हातात, जाहिरात सरकारच्या हातात, मग ज्याची उमेद त्या तारखेवर टांगलेली आहे तो दर वेळी तारखेबरोबर कोसळणार. ज्याची उमेद आज सकाळी काय पक्कं झालं याच्यावर आहे त्यालाही त्रास होतो, पण त्याच्या हातात संध्याकाळी काहीतरी असतं. शिवाय दुसरी वाट उघडी ठेवावीच, याबाबत मी कट्टर आहे. पदवी पूर्ण करा, एखादं काम येऊ द्या, नुसतं एका परीक्षेच्या नावावर तिशी गाठू नका.

फौजदार भावा, वहिनींची गोष्ट मलाही तितकीच लागते. पण परत एकदा बघ, ते मंगळसूत्र कशासाठी गेलं? धान्यासाठी. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं तेव्हा कर्मवीरांनी पोरांना काय दिलं? राहायला छप्पर, दोन वेळचं जेवण, आणि सगळ्या जातीधर्माची पोरं एका पंगतीत, एकाच छपराखाली. स्वयंपाकापासून सगळी कामं पोरंच करायची आणि शिकायची, कमवा आणि शिका त्यातनंच उभं राहिलं. गोष्ट आपण आज ऐकतो, पण ज्या पोरांनी तिथं शिकून नाव काढलं त्यांना त्या दिवशी ताटात भाकरी मिळाली होती आणि शेजारी अभ्यासाला बसलेलं दुसरं पोरगं होतं. सोय आणि सोबत. मी एवढंच मागतोय.

कराडची_आई

मी परीक्षा देत नाही, माझा मुलगा बारावीला आहे, म्हणून लिहिते. बैठक बैठक करून आम्ही घरात काय करून ठेवलंय ते सांगते. सकाळी सहाला क्लास, मग कॉलेज, मग परत क्लास, रात्री टेस्ट सिरीज. सीईटीला गणिताला १०० मार्क आणि फिजिक्स केमिस्ट्री मिळून १००, म्हणून गणितच कर असं क्लासवाले सांगतात. ज्या पोराला लहानपणी रेडिओ उघडून आत काय आहे बघायचा नाद होता तो आता फिजिक्सच्या पुस्तकाकडं बघून तोंड फिरवतो. जागा आहे, वेळ ठरलेली आहे, विचारायला मी आहे आणि त्याचे बाबा आहेत. माहुलीकर, तुमचं सगळं आमच्या घरी आहे, तरी उमेद नाही. याचं उत्तर द्या.

मला वाटतं गोडी लागली पाहिजे. गोडी नसताना बसवून ठेवलं तर शरीर तेवढं बसतं. आणि झोप! साडेपाच तास झोपून कुठल्या मुलाला काय आठवणार आहे.

हरिपूरचा_मास्तर

ताई, तुमच्या पोस्टसाठीच लिहायला घेतलं. मी सांगलीत शाळेत शिकवतो, बारावीची मुलं रोज समोर असतात. तुमच्या मुलाला विचारणारे दोघं आहात, पण तुम्ही काय विचारता हे बघा. बहुतेक घरात विचारतात किती मार्क पडले, किती तास झाले. आज नवीन काय कळलं, मला समजावून सांग बरं, असं विचारलं की पोरगं वेगळं बोलायला लागतं. माझ्या वर्गात जी मुलं दुसऱ्याला गणित समजावतात त्यांना गोडी लागताना मी बघितलंय, आणि ती सगळी काही हुशार म्हणून आलेली नव्हती. झोपेबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत, सात तासांच्या खाली मुलाला जाऊ देऊ नका, क्लास एक कमी झाला तरी चालेल.

माहुलीकरांनी कोऱ्या कागदाचं लिहिलंय त्याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, मुलांना उतारे दिले, काहींनी तेच परत परत वाचले, काहींनी वाचून मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढं होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढं निघाले. आणि गंमत म्हणजे आपल्याला चांगलं लक्षात राहील असा जास्त विश्वास परत वाचणाऱ्यांनाच होता. म्हणजे पोरगं प्रामाणिकपणे तासन्तास वाचतं, त्याला येतंय असं वाटतं, पेपरात ऐनवेळी सुटतं, मग ते स्वतःला ढ समजायला लागतं. अशा किती मुलांची उमेद पद्धतीमुळं गेली आणि आपण त्यांच्या मनाला दोष देत बसलो.

कराडची_आई

सर, समजावून सांग असं विचारून बघते, आजच विचारते. पण मार्कांचं विचारू नका म्हणणं सोपं आहे, फी भरताना आमचाही जीव वर खाली होतो. गोडीचा मुद्दा मी सोडत नाही.

जतकर_पोरगी

सगळं वाचलं. मी जत तालुक्यातली, बीए करतेय आणि पोलीस भरतीची तयारी. पहाटे ८०० मीटरची प्रॅक्टिस, गोळा फेकायला मैदान नाही म्हणून रानात फेकते, मग घरातलं पाणी, शेरडं, भाकरी, मग कॉलेज. ग्राउंडचे ५० मार्क आणि लेखीचे १००, म्हणून अभ्यास सोडून चालत नाही. धाकटी बारावीला आहे, तिला एसटीचा मोफत पास आहे म्हणून ती शिकतेय, नाहीतर तिचं दहावीलाच थांबलं असतं हे घरात उघड बोललं गेलंय.

माहुलीकर दादा, तुमचं सोय आणि सोबत एकदम पटलं. पण तुम्ही असं लिहिलंय की जागा ठरवा, वेळ ठरवा, जणू ते आमच्या हातात आहे. अभ्यासिका तुमच्या साताऱ्यात, सांगलीत, मिरजेत. आमच्यात एकच खोली, तिथं टीव्ही, तिथंच आजी झोपलेली, तिथंच पाहुणे. एसटीत बसून वाचते, तीच माझी बैठक. पोराला अभ्यासाला शहरात खोली करून देतात, पोरीला म्हणतात घरी बसून कर की. आणि फौजदार दादांचं पण खरं आहे. साताऱ्याला भरतीच्या कामाला आले होते तेव्हा प्रतापसिंह हायस्कूल बाहेरनं बघितलं, जिथं ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव घातलं. वर्गात वेगळं बसावं लागलं तरी शिकले. ते आठवलं की मी चुलीपुढनं उठून पुस्तक घेते. तेवढं माझ्याकडनं काढून घेऊ नका.

भावी_फौजदार

ताई, एक नंबर बोललात. हेच मला म्हणायचं होतं.

माहुलीकर

ताई, काढून घ्यायचा प्रश्नच नाही. तुम्ही ते आठवून उठता आणि पुस्तक घेता, इअरफोन घालून पडून राहत नाही. माझं भांडण त्या पडून राहण्याशी आहे.

जागेचं तुमचं बरोबर आहे, मी शहरातल्या पोरांना धरून लिहिलं. पण मग हा प्रश्न गावाचा आहे. तुमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा असणारच, संध्याकाळी ती कुलूपबंद असते. त्यातला एक वर्ग रात्री नऊपर्यंत उघडा राहिला तर लाईट, बाकं, फळा सगळं आहे. ग्रामसभेत लेखी अर्ज देऊन विषय मांडा, १५ ऑगस्टची सभा बहुतेक गावात होतेच. मुख्याध्यापकांना आधी भेटा, शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या बाईंना बरोबर घ्या. एकट्या पोरीचा अर्ज बाजूला ठेवतील, म्हणून बारावीच्या आणि भरतीच्या सगळ्या पोरींच्या सह्या घ्या.

खटावकर

अर्जाची पोच घ्या, शिक्का मारून. तोंडी हो म्हणतात आणि विसरतात. ठराव झाला तर त्याची नक्कल मागून घ्या, सरपंच बदलले तरी कागद राहतो. बाकी तारखांबद्दल माझं मत तेच आहे, आयोगाने वर्षाचं वेळापत्रक पाळलं तर निम्म्या पोरांना मोटिव्हेशनचं भाषण लागणारच नाही.

जतकर_पोरगी

सह्या मिळतील, नऊजणी तर आमच्याच गल्लीत आहेत. अडचण एकच निघणार, रात्री पोरींच्या मागं जबाबदार कोण आणि चावी कुणाकडं. अंगणवाडीच्या ताई शाळेच्या शेजारीच राहतात, त्यांना विचारते चावी ठेवता का. त्या हो म्हणाल्या तर त्यांचं नाव अर्जातच घालते. मास्तर, लेखीच्या गणिताला आम्हाला सांगणारं कुणी नाही, रविवारी फोनवर अर्धा तास दिलात तर वर्ग उघडल्यावर स्पीकर लावून सगळ्या बसू.

हरिपूरचा_मास्तर

देतो. शेकडेवारी आणि काळ-काम-वेगापासून सुरू करू. गणितं मी आदल्या दिवशी पाठवीन, तुम्ही आधी सोडवून बसायचं, आणि फोनवर पहिलं गणित तुमच्यातल्याच एकीनं बाकीच्यांना समजावायचं, मी ऐकणार.