बारा हजार युरोंत जुनी इटालियन स्पोर्ट्स कार: १२४ स्पायडर, अल्फा की एक्स १/९?

ऑग्सबुर्गकर (प्रश्न)

नमस्कार. मी गेली आठ वर्षे जर्मनीत, ऑग्सबुर्गला राहतो. सांगलीला आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती. रविवारी वडील तिच्या बॉनेटमध्ये डोके घालून उभे राहत आणि टॉर्च धरण्याचे काम माझ्याकडे असे. इटालियन गाड्यांचे वेड तिथूनच लागले असावे. आता दोन आसनांची, छत उघडणारी एखादी जुनी इटालियन स्पोर्ट्स कार घ्यावी असे मनात आहे, परंतु माझ्याकडे एकूण १२,००० युरो आहेत आणि पहिल्या वर्षीचा दुरुस्तीखर्चही त्यांतच बसला पाहिजे. रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, भाड्याचे बंद गॅरेज आहे, आणि तेल, प्लग, ब्रेक पॅड एवढे मी स्वतः बदलतो. वेल्डिंग मात्र मला येत नाही.

शोधाशोध केल्यावर फियाट १२४ स्पायडर, अल्फा रोमिओ स्पायडर आणि फियाट एक्स १/९ ही तीन नावे उरली. त्यांपैकी १९७९ ची एक १२४ स्पायडर मी गेल्या शनिवारी पाहूनही आलो. अमेरिकेतून परत आणलेली, १९९५ सीसी इंजिनाची, गडद हिरवी. रंग नुकताच दिलेला, बुडाशी काळा संरक्षक लेप ताजा, ट्युफची (जर्मनीतली वाहनांची सक्तीची) तपासणी नवी आणि किंमत ९,८०० युरो. चावी फिरवताच इंजिन लागले, आणि तो आवाज ऐकून मी जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. पत्नीने दंडाला धरून बाहेर आणले म्हणून वाचलो, की संधी हुकली, ते कळत नाही.

गाडी पाहताना नेमके काय पाहावे, या तिघींपैकी कोणती परवडेल, आणि सुटे भाग पुण्या-मुंबईहून मागवता येतील का, हे जाणकारांनी सांगावे. १२४ चाच अवतार प्रीमियरने ११८ एनई म्हणून भारतात आणला होता, म्हणून हा शेवटचा प्रश्न.

नेकारकाठ

आपल्या पत्नीचे आभार माना. माझ्याकडे १२४ स्पायडर अकरा वर्षे आहे, आणि ती माझी दुसरी आहे. पहिली मी आपल्यासारखाच आवाजावर भाळून घेतली होती. विक्रेता गोड बोलणारा होता, रंग आरशासारखा होता. घरी आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात दाराखालचा गालिचा उचलून सिलवर, म्हणजे दाराखालून लांबीने जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या पट्टीवर, स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. त्या पत्र्याच्या कामाचे बिल गाडीच्या किमतीच्या पुढे गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मला त्या वर्षी जर्मन सहकाऱ्यांना समजावून सांगावी लागली.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की या गाड्यांमध्ये आपण इंजिन विकत घेत नसून पत्रा विकत घेत असतो. १२४ स्पायडरचे दोन कॅमशाफ्टचे इंजिन ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी रचलेले आहे, जे फियाटमध्ये येण्यापूर्वी फेरारीची इंजिने करत होते. ते दणकट आहे, त्याचे भाग युरोपात सहज मिळतात आणि बिघडले तरी कोणताही चांगला मिस्त्री ते उघडून बसवू शकतो. गंजलेला सांगाडा मात्र तासांच्या हिशेबाने पैसे खातो, आणि ज्याला स्वतः वेल्डिंग येत नाही त्याचे बजेट तिथेच संपते.

आपण पाहिलेल्या गाडीबद्दल दोन गोष्टी मला खटकतात: ताजा रंग आणि ताजा काळा लेप. जो माणूस गाडी विकायला काढतो तो विकण्याआधी महिनाभर बुडाला लेप का लावेल, हे त्याला विचारा. काम झाकण्यासाठी नसेल तर त्याच्याकडे लेपाआधीचे फोटो असतील. पुन्हा जाणार असाल तर खिशात एक लहान लोहचुंबक आणि हातरुमाल घेऊन जा. चुंबक रुमालात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही, सिलवर, मागच्या चाकांच्या कमानींवर आणि दाराच्या खालच्या कडेवर सरकवत न्या. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नसून लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

त्यानंतर बॉनेट उघडून पुढच्या दोन्ही सस्पेन्शन टॉवरकडे, म्हणजे पुढच्या चाकांचे सस्पेन्शन ज्यांवर टेकते त्या पत्र्याच्या उभ्या भागांकडे, पाहा. ही या गाडीची सर्वांत बदनाम जागा आहे. वरून ती ठीक दिसते, म्हणून चाकाच्या कमानीत खालून हात घालून टॉर्चने पाहावे लागते. पत्र्याचे थर फुगून एकमेकांपासून सुटले असतील, किंवा वर एखादी पट्टी आडवी ठोकलेली असेल, तर तिथेच नमस्कार करून परत फिरावे. शेवटी गाडी जॅकच्या ठरलेल्या जागेवर एका बाजूने उचलायला सांगा आणि त्या बाजूचे दार उघडून बंद करून पाहा. उघड्या गाडीला छताचा आधार नसल्याने सारी ताकद सिलमध्ये असते; सिल पोकळ झाले असतील तर दाराची फट बदलते आणि दार अडकते. विक्रेता जॅक लावू देत नसेल तर तेही उत्तरच समजावे.

इंजिनाबद्दल एकच सांगतो. टायमिंग बेल्ट बदलल्याचे तारखेसह बिल दाखवता आले नाही, तर तो बदललेला नाही असे समजून चालावे. बेल्ट, ताणणारे बेअरिंग आणि त्याच वेळी पाण्याचा पंप. या १९९५ सीसी इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग हौसेला मोल नसते ते खऱ्या अर्थाने कळते.

तोरिनोहून

नेकारकाठ यांनी पत्र्याबद्दल लिहिले ते शंभर टक्के बरोबर आहे, पण त्यांनी अल्फाला सरळ बाजूला ठेवले हे मला मान्य नाही. दोन्ही स्पायडर १९६६ च्याच: अल्फा मार्चमध्ये जिनिव्हाला आली आणि फियाट नोव्हेंबरमध्ये आमच्या तोरिनोच्या प्रदर्शनात, दोघींचे रूप पिनिनफारिना या रेखाटन करणाऱ्या कंपनीकडचे. फियाट १९८५ पर्यंत बनली, अल्फा १९९० च्या दशकात शिरली. त्यामुळे अल्फा नव्या वयाची मिळू शकते.

आपल्या पैशांत सुरुवातीची गोल शेपटीची अल्फा येणार नाही, तिचा विचारही करू नये. १९८३ पासूनची तिसरी मालिका पाहावी, जिच्या मागे काळ्या रबराचा स्पॉयलर आहे. तो अनेकांना आवडत नाही, मलाही आवडत नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने ती बाकीच्या मालिकांपेक्षा स्वस्त मिळते. अल्फाच्या इंजिनाला बेल्ट नसून साखळी आहे, ही मनाची मोठी शांतता आहे. गिअरबॉक्सची परीक्षा सोपी आहे: गाडी थोडी तापल्यावर तिसऱ्यावरून जरा चपळाईने दुसरा गिअर घाला. कर्र असा आवाज आला तर दुसऱ्याचा सिंक्रो (गिअर अलगद बसवणारा भाग) गेलेला आहे. हा या गाडीचा जुनाच आजार आहे. त्यासाठी गाडी नाकारू नये, किंमत पाडावी. सिल मात्र इथे एकाआत एक अशा तीन थरांचे असतात, आणि बाहेरचा थर चकचकीत असून आतला गेलेला असणे नेहमीचेच आहे.

इटलीतून घ्यायची असेल तर युरोपीय संघातल्या संघात असल्याने सीमाशुल्क नाही. नंबरप्लेटवरून सार्वजनिक वाहन नोंदणीचा उतारा निघतो, त्याला इथे व्हिझुरा म्हणतात. त्यात मालकाचे नाव आणि गाडीवर कर्जाचा किंवा थकबाकीचा बोजा आहे का ते दिसते. हा आपला सातबाराच समजा, आणि तो पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. दक्षिणेकडची गाडी कोरडी असते हे खरे, पण समुद्रकाठची असेल तर खारा वारा तिथेही आहेच. आपल्या कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

लेस्टरवासी

माझा अनुभव एक्स १/९ चा आहे, म्हणून तेवढेच लिहितो. इंजिन आसनांच्या मागे, छताचा मधला भाग काढून पुढच्या डिकीत ठेवता येतो, रेखाटन बेर्तोने या कंपनीसाठी काम करणाऱ्या मार्चेल्लो गांदिनी यांचे, ज्यांनी लॅम्बोर्गिनीची मिउरा आणि काउंटाश रेखाटली. १९७८ पासूनची १४९८ सीसी, पाच गिअरची घ्यावी. फियाट १२८ चे साधे यंत्र असल्याने चालवण्याचा खर्च तिघींत सर्वांत कमी आहे. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे पाण्याच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. त्या गंजल्या किंवा आत हवा अडकली की इंजिन तापते, म्हणून अर्धा तास चालवून तापमानाचा काटा पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. आपली उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर आधी नुसते बसून पाहा. माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात.

ब्रिटनमधून घेण्याचा मोह झाला तर एक फायदा असा की इथे वार्षिक एमओटी तपासणीच्या २००५ पासूनच्या नोंदी नंबरप्लेट टाकून फुकट पाहता येतात. कोणत्या वर्षी कुठे गंज सापडला तेही त्यात लिहिलेले असते. चाळीस वर्षांवरील गाड्यांना ही तपासणी सक्तीची नाही, त्यामुळे पुष्कळ गाड्यांचा इतिहास ऐन महत्त्वाच्या वेळी मुका होतो. सक्ती नसतानाही दरवर्षी तपासणी करून घेणारा मालक भेटला तर त्याच्याकडची गाडी डोळे झाकून नव्हे, पण अर्धे डोळे झाकून घ्यावी. आता ब्रिटन संघाबाहेर असल्याने जर्मनीत आयातीचे सोपस्कार करावे लागतील, आणि स्टिअरिंग बहुधा उजवीकडे असेल.

कसबा पेठ

सुट्या भागांबद्दल थोडक्यात. पद्मिनी ही फियाट ११०० च्या घराण्यातली. तिचा १२४ शी काही संबंध नाही. ११८ एनईचा सांगाडा १२४ सेडानचा होता हे बरोबर, पण तिला इंजिन निस्सानचे होते. आपल्याला जे भाग लागतील ते इंजिनाचे, पत्र्याचे आणि छताचे, आणि त्यांतले काही इथे मिळणार नाही. आमच्या गॅरेजमागे ११८ एनईचा एक सांगाडा अनेक वर्षे पडून होता, त्यावर दोडक्याचा वेल चढला होता. तो पाहायला या, पण भाग जर्मनीतूनच घ्या.

ऑग्सबुर्गकर

सर्वांचे मनापासून आभार. काल चुंबक आणि रुमाल घेऊन हिरव्या गाडीकडे पुन्हा गेलो. उजव्या बाजूला चुंबक चिकटला. डाव्या सिलवर दारापासून मागच्या चाकापर्यंत जवळजवळ वीतभर जागेत तो नुसता घसरत राहिला. लेपाआधीचे फोटो नव्हते. जॅकचे नाव काढताच विक्रेत्याला दुसरे गिऱ्हाईक येणार असल्याची आठवण झाली.

त्याच दिवशी परतताना आणखी एक १२४ स्पायडर पाहिली, १९८१ ची, बॉशच्या इंधन इंजेक्शनची. रंग उन्हाने विटलेला, डॅशबोर्डला तीन भेगा, छताची मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडून फाटलेली, आणि गाडी थंड असताना इंजिन गचके देते. पण टॉवर खालून पाहिले, पत्रा सपाट आहे. जॅकवर दार अलगद उघडले आणि लागले. एकाच मालकाकडे १९ वर्षे आहे आणि त्याने बिलांची फाइल टेबलावर ठेवली. मागतो ७,९००. पत्नी म्हणाली, ही दिसायला वाईट आहे म्हणजे बहुधा चांगली असेल. गचक्यांचे काय असावे?

नेकारकाठ

पत्नींना गाडी पाहायला नेहमी सोबत नेत जा.

गचक्यांसाठी हवामापक आणि थ्रॉटल यांच्यामधली जाड रबरी नळी काढून हातात वाकवून पाहा. तिच्या घड्यांमध्ये बारीक चिरा असतात, ज्या नळी सरळ असताना दिसत नाहीत. त्यांतून हवामापकाला न कळता हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि थंड इंजिन अडखळते. शंभर युरोंत होणारे काम आहे. ते कारण नसेल तर थंड सुरुवातीचा इंजेक्टर आणि पाण्याच्या तापमानाचा सेन्सर पाहावा. हा दोष दाखवून ७,३०० वर आणा, आणि त्यातून उरलेल्या पैशांत याच क्रमाने कामे करा: बेल्ट, ब्रेकच्या रबरी नळ्या, टायर, मग छत. टायरची नक्षी खोल असली तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. शेवटचे दोन आकडे वर्षाचे असतात. रंगाला पहिली दोन वर्षे हात लावू नका.

गाडीला तीस वर्षे होऊन गेली आहेत, त्यामुळे एच (ऐतिहासिक वाहनाची) नंबरप्लेट मिळेल; वर्षाचा कर १९१.७३ युरो ठरलेला आहे, आणि एप्रिल ते ऑक्टोबर अशी हंगामी नोंदणी केलीत तर त्याच प्रमाणात कमी. त्यासाठीच्या तपासणीला जाताना ती बिलांची फाइल सोबत न्या. आणि छताच्या खाचेतून पाणी वाहून जाणाऱ्या दोन नळ्या आहेत, आसनांच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत. त्या पानांनी तुंबल्या की पाणी सिलमध्ये उतरते. गाडी घरी आणाल त्या दिवशी, धुण्याच्याही आधी, त्यांत तांब्याभर पाणी ओतून ते खाली पडते का ते पाहा.

ऑग्सबुर्गकर

रबरी नळीच होती. मालकाने स्वतः वाकवून पाहिली आणि माझ्याआधी तोच हसला. ७,४०० वर सौदा ठरला. शुक्रवारी आणायला जातो आहे, तांब्या गाडीतच ठेवला आहे.