मतदार यादीतून नाव वगळले गेले आहे : अपील करावे की नवा नमुना ६ (नावनोंदणीचा अर्ज) भरावा? (बडोदे)

नमस्कार.

दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या वृद्ध मावशींचे नाव मतदार यादीतून वगळले गेले आहे, त्यासंबंधी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या काही महिने पुण्यास मुलीकडे होत्या. परतल्यावर यादी तपासली असता ‘स्थलांतरित’ या कारणाने नाव कमी झाल्याचे कळले. त्यांचे घर, शिधापत्रिका, बँकेचे खाते सारे येथेच असून पुण्यात त्यांनी कधीही नोंदणी केलेली नाही. ओळखपत्र जवळ आहे, पण यादीत नाव नसेल तर त्यावर मतदान करता येत नाही, हे आमच्या वाड्यात अनेकांना ठाऊकच नव्हते.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० प्रमाणे तात्पुरते बाहेरगावी गेल्याने कोणाचेही सामान्य रहिवासीपण संपत नाही. तसेच कलम २२ नुसार या कारणावरून नाव वगळण्यापूर्वी त्या व्यक्तीस आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. मावशींना कोणतीही नोटीस मिळालेली नाही.

ज्याला विचारावे तो ‘नमुना ६ भरून मोकळे व्हा’ असेच सांगतो. परंतु त्या नमुन्यात, आपण प्रथमच नोंदणीसाठी अर्ज करीत आहोत, असे घोषित करावे लागते आणि खोट्या घोषणेस कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. इतकी वर्षे नेमाने मतदान केलेल्या मावशी अशा मजकुराखाली सही करण्यास तयार नाहीत, आणि मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे योग्य वाटते. शिवाय नवा अर्ज केला, तर मूळ नाव कोणाच्या आक्षेपावरून आणि कोणत्या चौकशीनंतर गेले, हा प्रश्न तसाच राहील.

दुसरा मार्ग कलम २४ खालील अपिलाचा आहे : प्रथम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत, आणि त्यांच्या आदेशाविरुद्ध मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत. मावशींना आदेशाचा पत्ताच नसल्याने पहिली मुदत उलटून गेली आहे. अशा वेळी विलंब माफ करून घेण्यासाठी कोणती कारणे व कागदपत्रे जोडावीत? पुण्यातील रुग्णालयाची कागदपत्रे उपयोगी पडतील, की उलट तीच स्थलांतराचा पुरावा मानली जातील? नमुना ७ (नाव वगळण्यासाठीचा अर्ज) मधील आक्षेपाची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी, की थेट मतदार नोंदणी अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा? आणि उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर यादीत नाव घालता येत नसल्यामुळे, अपील चालू असतानाच खरी हकीकत जोडपत्रात लिहून नमुना ६ ही देता येतो का? बडोद्यात किंवा अन्यत्र कोणी ही प्रक्रिया पार पाडली असल्यास कृपया सविस्तर लिहावे.