ट्रेलरचे दोन्ही सिलिंडर पहाटे रिकामे

मिशिगनहून:

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या सुट्टीत आमचा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेऊन लेक सुपीरियरच्या काठाला गेलो होतो. पाच रात्रींचा बेत. ट्रेलर गाडीला जोडायच्या पुढच्या दांडीवर 20 पाउंड गॅसचे दोन सिलिंडर, दोन्हींचे व्हॉल्व्ह उघडे आणि मध्ये एक संपला की दुसऱ्यावर जाणारा रेग्युलेटर. चौथ्या रात्री पहाटे चारला धाकटी कुडकुडत उठली. हीटरचा पंखा फिरतोय, हवा मात्र गार. शेगडी लावून पाहिली, नुसती टिकटिक. जुलैमध्ये याच ट्रेलरमध्ये एक सिलिंडर दहा दिवस पुरला होता. गळती म्हणावी तर वास नाही, सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. कोल्हापूरच्या काकांनी इथे असताना बरीच वर्षं ट्रेलर फिरवलाय, म्हणून त्यांना मुद्दाम विचारतोय.

कोल्हापूर, मंगळवार पेठेतून:

बाळा, रंकाळ्यावर फिरून आलो आणि तुझा मेल वाचला. पोरगी बरी आहे ना, ते आधी कळव.

गळती नाही. सगळा गॅस हीटरनं खाल्ला. 20 पाउंडांत साधारण 4,30,000 बीटीयू (उष्णता मोजायचं तुमच्याकडचं माप) असतात. तुझा हीटर ताशी 30,000 चा असणार, म्हणजे शेगडीच्या एका बर्नरच्या चौपट. सलग चालला तर चौदा तासांत सिलिंडर खलास. गोठवणाऱ्या थंडीत संध्याकाळी सहा ते सकाळी आठ यातला निम्मा वेळ तो पेटलेलाच असतो. म्हणजे दोन रात्रींना एक सिलिंडर. जुलैमध्ये नुसता गॅसवरचा फ्रिज आणि चहा-जेवण होतं, त्यावरून हिवाळ्याचा अंदाज बांधू नकोस. थंडीनं गॅस अडला म्हणावं तर तेही नाही. इथल्या घरगुती गॅसात ब्युटेन बराच असतो, शून्याच्या आसपास त्याची वाफ होईना होते. तुमचा जवळपास निव्वळ प्रोपेन, तो उणे 42 अंशांवर उकळतो.

खरी चूक दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवण्याची. पहिला संपल्यावर रेग्युलेटर गुपचूप दुसऱ्यावर गेला. रेग्युलेटरवरच्या छोट्या खिडकीतला हिरवा पट्टा लाल झाला असणार, पण थंडीत कोण बाहेर जाऊन बघतंय? आमच्याकडं दुसरा सिलिंडर जोडला की तुझी काकू त्याच मिनिटाला फोन उचलून नंबर लावते. आपल्या हातानं बदलला म्हणूनच तिला कळतं ना! तसंच कर. दुसऱ्याचा व्हॉल्व्ह बंद ठेव. पहिला संपला की उठून उघडावा लागेल, घटकाभर गारठशील, पण सकाळी पहिला भरायला नेशील.

आणि वजन करत जा. परवा सिलिंडर आला तेव्हा पोऱ्यानं दारातच ताणकाट्याला लावून दाखवला. वर रंगवलेलं रिकामं वजन, त्यात 14.2 किलो मिळवायचे, काटा तिथं आला पाहिजे. तुमच्याकडं कॉलरवर टी. डब्ल्यू. ही अक्षरं कोरलेली असतात, त्यापुढचा आकडा म्हणजे रिकाम्याचं वजन.

ओहायोहून:

काकांशी सहमत. एक विचारते: त्यातला एखादा दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून, रिकामा देऊन भरलेला, असा बदलून घेतलेला होता का? तसल्यात बहुधा 15 पाउंडच भरलेले असतात. भरणाऱ्याकडे नेऊन भरून घेतला की पुरते 20 मिळतात.

व्हॉल्व्ह नेहमी हळू उघडायचा. झटक्यात उघडला तर आतली सुरक्षेची झडप बसते, ज्योत मिणमिणते आणि माणूस उगाच हीटर खोलत बसतो. तसं झालं तर बंद करून थोडं थांब, मग सावकाश फिरव. आणि हीटर बंद पडला म्हणून शेगडी पेटवून त्या ऊबेवर कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरात लहान मुलं आहेत म्हणून दटावून सांगतेय.

मिशिगनहून:

पोरगी ठणठणीत आहे, काका.

ताई, तुम्ही म्हणालात तसंच. एक सिलिंडर पेट्रोल पंपावरच्या पिंजऱ्यातला होता. आज तिथूनच दुसरा आणून न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवला: 32 पाउंड. कॉलरवर 17. म्हणजे आत 15. दोन्ही मिळून 35 पाउंड गॅस होता, तो चौथ्या पहाटेपर्यंत आला. हिशोब बरोबर जुळला.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला परत जायचंय. 30 पाउंडांचे दोन घ्यावेत का?

कोल्हापूरहून:

घे. घेर सारखाच, बारा इंच, पण उंची जवळपास अर्धा फूट जास्त. वरून आवळायची सळई तेवढी लांब लागेल आणि झाकणही बसेल का ते आधी मोज. दोन्ही भरले की दांडीवर 35 पाउंडांच्या आसपास वजन वाढेल. गाडीची हुक किती भार घेते ते बघूनच ऑर्डर दे.